आधी पाच, मग वीस

“तू वाच, शैला. मी टाइप करतो,” उपाध्ये सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा नीट बसवला.

टेबलावरचा लॅपटॉप आमचा नव्हता. सरांनी तो सकाळीच ओळखीच्या दुकानातून दिवसापुरता मागून आणला होता. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनला एक तर अश्पाकचा हात लागलेला होता, नाही तर अभिनंदनचा. निवाडा करायचा तर मशीन परकं हवं, असं त्यांचं म्हणणं.

“ताई, दमानं वाचा,” अश्पाक म्हणाला. “तुमच्या पेपरची डेडलाइन न्हाई ही.”

“पेपरात चुकलं तर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं,” मी म्हटलं. “तुमचं तसं नाही ना.”

“आमचं जन्मभर ऱ्हातंय. म्हणून तर तिथं टाकलं.”

तो हसत होता. खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून बसला होता, नेहमीसारखा. अभिनंदन सरांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. तो हसत नव्हता.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, वह्या-पुस्तकांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. भूपाल उपाध्ये सरांनी पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर ही छोटी संस्था काढली. बिटकॉइनसारख्या चलनांमागे जे तंत्र असतं, ते ब्लॉकचेन, साध्या लोकांच्या कामी यावं अशी त्यांची इच्छा. अश्पाक मुजावर त्यांचा विद्यार्थी, मिरजेचा. संस्थेतला पहिला माणूस तोच. ऑफिसची एक किल्ली सरांकडे आणि दुसरी त्याच्याकडे असायची. मी दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून इथे सोप्या मराठीत पुस्तिका लिहायला आले होते. प्रोग्रॅमिंगमधलं मला काही येत नव्हतं. अश्पाक म्हणायचा, “ताईंना कळलं म्हणजे सगळ्या जिल्ह्याला कळलं.”

अभिनंदन सरांचा भाचा. बंगळुरूची नोकरी सोडून तो दिवाळीत आला आणि अश्पाकच्या शेजारच्या टेबलावर बसला. दोघांचं छान जमलं. निदान आम्हाला तसं वाटलं.

भांडण ‘घडी’वरून झालं. ब्लॉकचेनवरची एखादी नोंद खरी आहे का, हे तपासायला मोठं मशीन लागतं. कमी जागेच्या जुन्या फोनवरही ते जमावं म्हणून अश्पाकने एक पद्धत शोधली. तिला तो घडी म्हणायचा, कारण लुगड्याची घडी घालावी तशी तो सगळी माहिती निम्म्यात निम्मी दुमडत नेत असे. फेब्रुवारीत कळलं, की बंगळुरूच्या एका परिषदेत ती पद्धत मांडली जाणार आहे, आणि मांडणाऱ्याचं नाव एकच आहे: अभिनंदन.

“कल्पना त्याची, हे मी कुठे नाकारतोय?” अभिनंदन सरांना म्हणाला होता. “पण मामा, मी आलो तेव्हा नुसती कल्पनाच होती. पद्धत डिसेंबरात मी बसवली.”

“बसवली?” अश्पाक म्हणाला. “बसलेल्या पंगतीत तू वाढायला आलास भावा. स्वयंपाक माझा.”

त्याच्याकडे पुरावा होता. अभिनंदन यायच्या आधी, गणपतीच्या दिवसांत, त्याने घडीच्या पूर्ण फाइलचा हॅश काढून तो बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर नोंदवला होता. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. फाइलमधला एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा सगळाच्या सगळा बदलतो. आणि एकदा नोंदवला की तो जगभरच्या मशीनवर राहतो; तारीख मागे नेता येत नाही. त्या नोंदीचा क्रमांक त्याने तेव्हाच मला आणि सरांना मेल केला होता. “घडीला कुलूप लावलं,” एवढंच वर लिहिलं होतं.

“मेलमध्ये क्रमांक काहीही लिहिता येतो,” अभिनंदन म्हणाला.

“बरोबर,” सर म्हणाले. “म्हणून आपण तो ब्लॉकचेनवर शोधू. सापडला तर घडी अश्पाकची, परिषदेत त्याचंच नाव जाईल. भाचा असला म्हणून काय झालं.”

म्हणून त्या सकाळी मी वाचत होते. क्रमांक लांबलचक होता, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. अश्पाकने तो दोन-दोनच्या जोड्या करून लिहिला होता, म्हणून वाचायला सोपा गेला.

“सात ए. झिरो तीन. बी नऊ. एक एफ.”

सर एका बोटाने टाइप करत होते. शेवटची जोडी झाली. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. सरांनी ती मराठीत वाचली.

“अशी नोंद सापडली नाही.”

“एखादं अक्षर चुकलं असेल,” अभिनंदन म्हणाला.

“मी नीट वाचलं,” मी म्हटलं.

“पुन्हा वाच,” सर म्हणाले. “अभिनंदन, तू पडद्यावर लक्ष ठेव.”

मी पुन्हा वाचलं. या वेळी अभिनंदन प्रत्येक जोडीला “हां” म्हणत होता. मधेच खुर्चीचे पुढचे पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. अश्पाक सरळ बसला होता. मी वाचत राहिले. ओळ तीच आली.

सरांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता, हे मी सांगू शकते. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता. ते अगदी हळू आवाजात बोलले.

“अश्पाक, खरं सांग. टाकलं होतंस का?”

अश्पाक त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत होते.

“तुम्हाला काय वाटतंय, सर?”

“मला काय वाटतं याला अर्थ नाही. मी वाटण्यावर गेलो तर माझ्यात आणि गावगप्पांत फरक काय? मशीन काय सांगतंय ते बघायचं ठरलं होतं आपलं.”

“व्हय. ठरलं होतं.”

“मग?”

“मग मशीनचंच ऐका,” अश्पाक म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. आदळली नाही. डब्याची पिशवी घेतली आणि जाताना मला म्हणाला, “येतो ताई.” रोज संध्याकाळी म्हणायचा तसंच.

जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. मग सर म्हणाले, “चिडून उठून जाणारा माणूस परत येतो. हा चिडला नाही.” त्यांनी तो लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि स्वतःच दुकानात परत देऊन आले.

अभिनंदनने घडी बंगळुरूला मांडली. लोकांना आवडली. सरांनी अश्पाकला दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्याने तब्येतीची चौकशी करून ठेवला, दुसऱ्यांदा मिरजेत एका रुग्णालयात तपासण्यांच्या सॉफ्टवेअरचं काम मिळाल्याचं सांगितलं. नोंदीचा विषय दोघांनीही काढला नाही. आम्ही ऑफिसात त्याचं नाव घेणं हळूहळू सोडून दिलं. एवढा हुशार मुलगा, असं का केलं असेल, असं एकदा सर मला जेवताना म्हणाले, आणि मी मान हलवली.

उन्हाळ्यात माझ्याकडे कॉलेजच्या मुलांसाठी पुस्तिका लिहायचं काम आलं. एका प्रकरणाचा विषय होता बाइटचा क्रम. दोन-दोन अक्षरांची जी जोडी मी वाचली होती, ती म्हणजे एक बाइट, हे मला तेव्हा कळलं. मोठी संख्या मशीनमध्ये ठेवताना बाइट कुठल्या टोकाकडून मांडायचे, मोठ्या की लहान, याच्या दोन रीती आहेत. दोन्ही बरोबर. फक्त मांडणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची रीत एक हवी.

मला मुलांसाठी उदाहरण हवं होतं, आणि ते तोंडातच होतं. २५ लिहिताना आपण आधी दोन लिहितो, वीस. म्हणताना मात्र ‘पंचवीस’ म्हणतो: आधी पाच, मग वीस. हात मोठ्या टोकाकडून जातो, जीभ लहान टोकाकडून. पहिलीतलं पोर ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितं, तेव्हा त्याला ऐकू बरोबरच आलेलं असतं.

उदाहरण जमलं म्हणून मी खूश होते. पुढची ओळ लिहिण्यासाठी अभिनंदनला विचारलं, “हे दोन क्रम तुमच्या बिटकॉइनमध्ये कुठे दिसतात?”

“हॅशमध्ये,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “आत एका क्रमाने असतो आणि लोकांना दाखवताना वेबसाइट तो उलटा दाखवतात, शोधतानाही उलटाच मागतात. पहिल्यापासूनची खोड आहे ती. नोंदीचा क्रमांकसुद्धा उलटाच.”

“म्हणजे शेवटचं अक्षर आधी?”

“अक्षर नाही, जोडी. शेवटची जोडी आधी, पण जोडी आतून तशीच. नवीन पोरं हमखास…”

तो थांबला. मला वाटतं, आम्हा दोघांना ते एकाच वेळी कळलं नाही. त्याला नव्याने कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी माझ्या टेबलावर गेले. मेल उघडला. कोऱ्या कागदावर शेवटच्या जोडीपासून पहिल्यापर्यंत क्रमांक उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि टाइप केला. या वेळी पान उघडलं. तारीख गणपतीतली होती.

“अभिनंदन, त्या दिवशी तू मागे उभा होतास,” मी म्हटलं. “तुझ्या लक्षात आलं नाही?”

“आलं.”

“आणि?”

“मला वाटलं अश्पाक बोलेल. ताई, नोंद टाकायला त्याने स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि ते क्रमांक उलटून दाखवत नाही, हे त्याला माहीत असणारच. तो बोलला नाही. म्हणून मला वाटलं, उलटूनही सापडणार नसेल. तो गप्प बसला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, हे खोटं नाही. पण मी स्वतःला सांगितलं की माणूस खरा असता तर बोलला असता.”

“आणि नंतर कधी उलटून बघितलं नाहीस?”

“नाही,” तो म्हणाला.

सर आत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी स्वतः टाइप केलं. मग अश्पाकची जुनी फाइल शोधून तिचा हॅश काढला, आधी मला तो नोंदीतल्या हॅशशी ताडायला लावला आणि मग स्वतः ताडला. मग अभिनंदनला बोलावून त्याच्याकडूनही ताडून घेतला. तिन्ही वेळा जुळला.

“पॉलिटेक्निकमध्ये मी काय शिकवायचो माहीत आहे तुला?” सर मला म्हणाले. “मायक्रोप्रोसेसर. फळ्यावर पहिल्याच आठवड्यात लिहायचो, लहान टोक आधी. अश्पाक पहिल्या बाकावर असायचा.”

त्यांनी माझा कागद पुन्हा जवळ ओढला.

“त्या सकाळी मला हे आठवलं नाही, शैला. त्याने टाकलंच नसेल, हे मात्र लगेच सुचलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. गाडी सर चालवत होते. अभिनंदनला त्यांनी आणलं नाही. त्याला परिषदेच्या लोकांना पत्र लिहायला बसवलं होतं. वाटेत ते दोन-तीनदा म्हणाले, “त्याला म्हणायचं, जसा होतास तसा परत ये. किल्ली तुझीच आहे.” मला सांगत होते की स्वतःशी घोकत होते, कळलं नाही.

अश्पाक रुग्णालयाच्या कँटीनमध्ये भेटला. गळ्यात ओळखपत्र होतं, थोडा बारीक झाला होता. सरांना बघून उभा राहिला. त्यांच्यासाठी पंख्याखालची खुर्ची ओढली.

“गुडघा काय म्हणतोय, सर?”

“आहे तसाच.”

“आणि ताई, अजून लाल पेन पर्समध्ये हाय व्हय? इथल्या पाट्या बघू नका, डोकं फिरंल तुमचं. शस्त्रक्रियेचा श पोटफोड्या लावलाय.”

मी हसले. सर हसले नाहीत.

“अश्पाक, ती नोंद सापडली,” ते म्हणाले.

त्याने तीन चहा सांगितले. मग बसला.

“बरं.”

“क्रमांक उलटा होता.”

“उलटा न्हाई, सर. सुलटाच होता. दाखवणारे उलटा दाखवतात.”

“तुला तेव्हाच कळलं होतं?”

“ताईंनी दुसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा कळलं. मेलमध्ये उलटून टाकायचा राहिला होता माझा.”

“मग बोलला का नाहीस?” सरांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या नर्सने वळून पाहिलं. “दोन मिनिटांचं काम होतं. मी वाट बघत होतो. तू काहीतरी बोलावंस म्हणून मी वाट बघत होतो.”

“बोलणारच होतो. तेवढ्यात तुम्ही विचारलंत.”

“विचारलं तर सांगायचं ना?”

चहा आला. अश्पाकने सरांचा कप त्यांच्याकडे सरकवला. त्यात साखर नको, हे त्याने चहा सांगतानाच पोऱ्याला सांगितलं असावं, कारण सरांनी घोट घेतला आणि खाली ठेवला नाही.

“सर, तीन वर्षं तुमच्याकडं काम केलं. मशीननं काही वेडंवाकडं दाखवलं की तुम्ही काय म्हणायचा?”

सरांनी कप खाली ठेवला.

“काहीतरी चुकतंय, अश्पाक, बघ जरा. असंच म्हणायचा. दिवसातनं दहा वेळा. त्या दिवशी मी त्याचीच वाट बघत होतो. तुम्ही तेवढं म्हणाला असता तर मी उठून बघितलं असतं आणि तिथल्या तिथं सापडलं असतं. तुम्ही म्हणालात, खरं सांग.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखादा प्रोग्रॅम का अडकला ते मला समजावताना जसं बोलायचा, तसं बोलत होता.

“म्हणजे तुमच्या लेखी मशीन चुकत नव्हतं. मी चुकत होतो,” तो म्हणाला. “मग मी ताईंकडं बघितलं.”

मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. चटका बसेपर्यंत मला कळलं नाही.

“चूक झाली माझी,” सर म्हणाले. “मी ते सांगायलाच आलोय. परिषदेला पत्र जातंय. घडीवर तुझं नाव लागेल. एकट्याचं.”

“लावा. माझंच हाय ते,” अश्पाक म्हणाला. “अभिनंदनचं पण राहू द्या खाली. डिसेंबरात राबलाय तो. खोटं कशाला बोला.”

“आणि तू परत ये.”

अश्पाकने घड्याळ पाहिलं नाही, उठण्याची घाई केली नाही. तो खरंच विचार करत होता, असं मला दिसलं.

“तुम्ही इथं यायच्या आधी ताडून बघितलं असेल, सर.”

“हो. आधी शैलाने. मग मी. मग अभिनंदननेही.”

“तिघांनी.”

“तिन्ही वेळा जुळलं,” सर घाईने म्हणाले. म्हणताना त्यांना ते मोठं प्रमाणपत्र वाटत होतं. वाक्य संपता संपता त्यांचा चेहरा बदलला.

“चांगलं काम हाय ओ तुमच्याकडं,” अश्पाक म्हणाला. “मला आवडायचं. पण सर, परत कधीतरी काहीतरी सापडणार न्हाई. असल्या कामात ते व्हायचंच. तेव्हा?”

सर खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत. ते कप बाजूला सारत म्हणाले, “मला सांगता येत नाही.”

“हां,” अश्पाक म्हणाला. त्याने मान डोलावली, जणू गणित शेवटी जुळलं होतं. मग तो उठला, सरांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, “जेवून जावा ताई. इथली आमटी बरी असते.”

आम्ही जेवलो नाही. पार्किंगमध्ये सरांनी गाडीचं दार उघडलं, पण आत बसले नाहीत. कँटीनच्या खिडकीतून अश्पाक दिसत होता. त्याने आमचे कप उचलून खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवले, फडकं घेऊन टेबल पुसलं आणि वॉर्डाकडे जाणाऱ्या गर्दीत गेला. तो एकदा वळून बघेल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं, कारण दोघंही तिथेच उभे होतो.